गादीवाफा

जर्मन माणसाला एखादी गोष्ट फार सोपी वाटली की तो तिला अवघड नाव देतो. एरवी लोक तिच्याकडे गंभीरपणे पाहणार नाहीत, अशी त्याला धास्ती वाटत असावी. आता हेच पाहा. कुजकं लाकूड खाली घालायचं, त्यावर पालापाचोळा, त्यावर शेणखत, त्यावर माती आणि मातीत वांग्याचं रोप. शहाण्या माणसानं याला 'लाकूड खाली, वांगं वर' असं म्हटलं असतं. जर्मन भाषेत याला 'ह्यूगलकुल्टूर' म्हणतात. ह्यूगल म्हणजे टेकडी आणि कुल्टूर म्हणजे लागवड. हा शब्द नीट उच्चारायचा तर ओठांचा चंबू करावा लागतो आणि समोरच्याला वाटतं की आपण त्याला शीळ घालतो आहोत. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, मी तो पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हुगळी कलकत्त्याला. तिला गाळ फार."

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर त्यांनी पाण्याची पातळी मोजली आणि वहीत लिहिली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू त्यांना वर चढणारी किंवा खाली उतरणारी, एवढ्या दोनच रूपांत दिसते. रक्तातली साखर, नातवाचे मार्क आणि सुनेचा आवाज यांचीही ते कुठंतरी नोंद ठेवीत असावेत, असा आमच्या सौ.ला दाट संशय आहे.

वास्तविक आपल्याकडे या प्रकाराला जर्मन नावाची गरज नव्हती. जमिनीपासून उंच केलेल्या मऊ वाफ्याला आमच्या सांगलीकडे 'गादीवाफा' म्हणतात. कांद्याचं रोप त्यावर करतात, हळद त्यावर लावतात. पाणी साचत नाही, मुळं मोकळी राहतात. राहता राहिला कुजवण्याचा भाग. त्या शास्त्रात तर आपण कोणाला हार जाणार नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, हे ज्यांच्या आज्जीला ठाऊक होतं त्यांना सेंद्रिय खताचं महत्त्व परदेशी माणसानं काय सांगावं? आणि जवळच्याच कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी आपल्या प्रयोग परिवारातर्फे पालापाचोळा आणि खरकटं यांची माती करून गच्चीवरसुद्धा भाजी पिकवता येते, हे कितीतरी वर्षं आधी लोकांना शिकवलं. जर्मनीच्या शेजारी ऑस्ट्रियात सेप होल्त्सर नावाच्या गृहस्थांनी १९६२ साली वडिलांची आल्प्समधली शेती हाती घेतली आणि अकराशे ते पंधराशे मीटर उंचीवर ओंडके पुरून असले ढीग केले. साधारण महाबळेश्वराची उंची, फक्त थंडी आल्प्सची. आपण त्या उंचीवर जातो तो स्ट्रॉबेरी खाऊन, मधाची बाटली घेऊन परत येण्यासाठी. तिथं ओंडके पुरावेत असं आपल्या मनातसुद्धा येत नाही. हा संस्कृतीचा फरक.

मला मात्र हा खटाटोप करावा लागला तो हौसेपोटी नव्हे, मातीपोटी. आमच्या परसातली माती अस्सल काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की सुटी नाणी आणि लहान मुलांच्या चपला त्यात कायमच्या जमा होतात. पावसाळ्यात तीच माती चिकट होऊन पायातल्या मोठ्या माणसांच्या चपला काढून घेते. अशा मातीत भाजी लावायची म्हणजे उंच वाफा हवा. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच असा विटांचा चौकोन मी आखला. मी पडलो बँकेतला माणूस. आठ त्रिक चोवीस, चोवीस गुणिले अडीच म्हणजे साठ घनफूट. माती ब्रासवर मिळते आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे पाऊण ब्रासला थोडी कमी माती विकत आणायची आणि तीत चाळीस रुपयांची वांगी पिकवायची! असलं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी अर्जदाराला चहा पाजून परत पाठवलं असतं.

लाकडाची युक्ती इथं कामाला येते. निम्मा वाफा लाकडानं आणि पाचटानं भरला की मातीचा खर्च निम्मा. शिवाय कुजकं लाकूड स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. उंच वाफा उन्हात लवकर वाळतो, ही त्याची खोड. त्या खोडीवर खोडाचाच उतारा.

आता प्रश्न एवढाच की लाकूड कुठलं? आणि लाकूड तर परसात उभंच होतं.

आमच्या आईनं लावलेला शेवगा होता तो. आई २०१६ साली गेली. ती होती तोवर अण्णांचं आणि त्या शेवग्याचं एक दिवस पटलं नाही. "शेवगा कधी दारात लावतात काय? पानं पडतात, फांद्या मोडतात, पावसात सुरवंट पडतात. परवा माझ्या बनियनमध्ये निघाला!" असं ते वर्षाला किमान चार महिने म्हणत. आई ऐकून घेई आणि आमटीत शेंगा घाली. अण्णा शेंगा चोखून चोखून खात आणि चोथ्याचा ढीग ताटाच्या कडेला रचून पुन्हा सुरवंटावर येत. आईनं त्या झाडाच्या फांद्या अख्ख्या गल्लीत वाटल्या होत्या. शेवग्याला बी लागत नाही, हातभर जाडसर फांदी खोचली तरी भागतं. कोणाकडे हळदीकुंकवाला जाताना इतर बायका हातात रुमाल घेऊन जात, आमची आई फांदी घेऊन जाई.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या महापुराबद्दल सांगलीच्या माणसाला काही सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आमच्या घराच्या शेवटच्या पायरीवर पाणी थांबलं, पण परसात ते बरेच दिवस उभं होतं. शेवग्याला सगळं चालतं. ऊन चालतं, दुष्काळ चालतो, अण्णांची बोलणी चालतात. फक्त मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. पाणी ओसरलं, काळ्या मातीनं उरलंसुरलं आपल्या पोटात धरून ठेवलं आणि दिवाळीपर्यंत झाड उभ्या उभ्या वाळलं.

आणि मग अण्णांनी पवित्रा बदलला. "तोडायचं नाही." मी म्हटलं, "अण्णा, ते मेलंय. पोकळ लाकूड. वाऱ्यात कोणाच्या तरी डोक्यावर पडेल." "पडू दे. फुटेल पुन्हा." रोज सकाळी ते नखानं साल खरवडून आत हिरवं दिसतंय का ते बघत. दिसत नसे. वहीत तशी नोंद होई.

बँकेत नवरा-बायकोचं संयुक्त खातं उघडताना एक अट विचारावी लागते: 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो.' इंग्रजीत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. दिवसातून पाच वेळा हे वाक्य मी यांत्रिकपणे म्हणतो आणि समोरची जोडपी तितक्याच यांत्रिकपणे मान डोलावतात. 'मागे राहील तो' म्हणजे आपल्या दोघांतला एक, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येत नाही आणि येऊ नये हेच बरं. परसातल्या शेवग्याचं खातंही तसंच संयुक्त होतं. आईनं ते एकटीनं चालवलं. आता सही अण्णांची लागणार होती आणि अण्णा सही करायला तयार नव्हते.

मी वखारवाल्याला आणलं. त्यानं बुंध्यावर टिचकी मारली आणि तोंड कडू केलं. "शेवगा? ह्याला कोण विचारतंय? चुलीत घातला तरी धूरच. गाडीभाडं देत असाल तर नेऊन टाकतो." आयुष्यात प्रथमच मला एखाद्या व्यापाऱ्याच्या उद्धटपणाबद्दल कृतज्ञता वाटली. कारण अण्णा ताडकन उठले. "टाकतो म्हणजे? कुठं टाकतो? कचऱ्यात?" वखारवाला गेल्यावर बराच वेळ ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "ते तुझं हुगळीचं काय होतं?"

मी सांगितलं. मऊ, हलकं, लवकर कुजणारं लाकूड त्याला सर्वांत उत्तम. म्हणजे ज्याला बाजारात शून्य किंमत तेच. आणि झाड कुठं जाणार नाही, परसातच राहील. "इथंच?" "इथंच." शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते. ती काढली, पण खरी परवानगी आदल्या दिवशीच मिळाली होती.

वाफा भरण्याचा दिवस ठरला २०२० च्या जानेवारीतला एक रविवार. अण्णांनी आदल्या रात्री ओंडक्यांना चुन्यानं आकडे घातले होते. बुंध्याकडून शेंड्याकडे एक ते अकरा. "क्रमानं लाव," म्हणाले. कुजणाऱ्या लाकडाला क्रम कशाला, असं विचारण्याचं धाडस सौ.नंसुद्धा केलं नाही. वाफा घराच्या भिंतीपासून चांगला लांब ठेवला होता, कारण लाकूड म्हटलं की वाळवी आमंत्रणाशिवाय येते. तिनं वाफ्यात खुशाल जेवावं, आमच्या चौकटींकडे बघू नये. तळाला ओंडके, त्यांच्या फटीत फांद्या, फटींच्या फटीत काटक्या. त्यावर पाचट. आमच्या भागात उसाचं पाचट मागाल तितकं मिळतं; शेतकरी ते पेटवतात तरी किंवा देतात तरी. मग स्वयंपाकघरातली सालंदेठं, मग शेणखत आणि सर्वांत वर नऊ इंच माती आणि खत यांचं मिश्रण. प्रत्येक थरावर पाणी. कोरडं लाकूड पुरलं की ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, आमच्या जुन्या रेकॉर्ड रूमसारखं.

गल्लीनंही सढळ हातानं मदत केली. समोरच्या वकीलसाहेबांनी पुरात भिजलेलं सनमायकाचं टेबल पाठवलं. प्लायवूडमध्ये डिंक आणि रसायनं असतात, वांग्यात ती नकोत, म्हणून ते साभार परत. कोणी निलगिरीच्या फांद्या आणल्या. तिच्या तेलापायी शेजारी काही सुखानं उगवत नाही. कोणी सागाचा तुकडा आणला, पण साग कुजायचा तर आमच्या नातवंडांना वाट बघावी लागेल. शेजारचे निवृत्त मास्तर मात्र नुसतं बघून गेले आणि त्यांनी वखारीतून पोतंभर ताजा भुसा आणून आपल्या वाफ्यातल्या मातीत कालवला. "भुसा म्हणजे लाकूडच की! दळलेलं."

पंधरा दिवसांत मास्तरांची मेथी पिवळी पडली आणि ते माझ्याकडे आले. विषय रसायनशास्त्राचा होता, पण मला तो आमच्या खात्याच्या भाषेत चांगला समजतो. लाकूड म्हणजे कार्बन. जमीनजुमला भरपूर, रोकड नाही. रोकड म्हणजे नायट्रोजन. लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस भाग कार्बनामागं एक भाग नायट्रोजन लागतो आणि भुशात तो काही शे भागांमागं एक असतो. मग हे जिवाणू काय करतात? शेजारच्या मातीतून उचल घेतात. मेथीच्या तोंडचा नायट्रोजन जातो आणि मेथी पिवळी पडते. म्हणून लाकूड पुरायचं ते तळाला, मुळं लगेच पोचणार नाहीत असं, आणि पहिल्या वर्षी लावायची चवळी नाहीतर घेवडा. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतून आपला नायट्रोजन आपण मिळवतात, कोणाकडे हात पसरत नाहीत.

"मग ती उचल परत कधी मिळायची?" मास्तरांनी विचारलं.

"जिवाणू मेले की."

मास्तर विचारात पडले. पण खरोखर तसंच आहे. आमच्या बँकेत कर्जदार वारला की फाइल जाड होते. वारसदाखले, नोटिसा, तारखा. इथं कर्जदार मेला की कर्ज फिटतं. तो स्वतःच खत होतो. इतकी प्रामाणिक कर्जदारांची जात मी दुसरी पाहिलेली नाही.

पहिल्या पावसाळ्यात वाफ्यातून काय काय वर आलं! विटांच्या फटीतून पांढऱ्या छत्र्या आल्या. सौ.नं त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून मुलाला, आणि मुलानं जाऊ नये म्हणून मी सौ.ला ताकीद दिली. मातीत बोटाएवढी पांढरी अळी दिसली तेव्हा हुमणी, हुमणी म्हणून अण्णांनी हाकाटी केली. ऊसवाल्या मुलखात हा शब्द दरोडेखोरासारखा उच्चारतात. आणि जुलैमध्ये एका सकाळी अण्णा मला उठवायला आले. आवाज कापत होता. "फुटला. सांगितलं नव्हतं?"

मी जाऊन पाहिलं. मातीतून एक जाडजूड, तजेलदार कोंब वर आला होता. अण्णांनी त्याभोवती काटक्यांचं कुंपणही घातलं होतं. पानं गोल होती, शेवग्याची नव्हेत. अण्णांनाही ती दिसत होती. तरी त्या दिवशी मी काही बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्याला तणावा फुटला आणि झोंबत झोंबत तो कुंपणावर चढला. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "भोपळा आहे रे हा," म्हणाले. मग जरा थांबून, "असू दे की. जोमदार आहे."

खरकट्यातल्या बीचा तो भोपळा ऊबदार खतावर असा माजला की पंधरवड्यात पडदी ओलांडून वकीलसाहेबांच्या अंगणात गेला आणि सर्वांत मोठा भोपळा त्यानं तिकडे धरला. मालकी कोणाची? वेल आमचा, भिंत सामायिक, हवा त्यांची. वकीलसाहेबांनी वहिवाटीपासून सुरुवात केली. अण्णांनी, बीज कोणाचं, हा मूलभूत मुद्दा काढला. शेवटी सौ.नं भोपळा कापला, निम्म्याचे घारगे करून पलीकडे पाठवले आणि दावा तडजोडीनं निकालात निघाला.

पण अण्णांचं खरं लक्ष वेगळीकडे होतं. वाफा खचत होता. त्यांनी विटांच्या आतल्या बाजूला रंगानं इंच आखले होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची चाळीस फुटांवर इशारा पातळी आणि पंचेचाळीसवर धोका पातळी असते, तशा त्यांनी वाफ्यालाही दोन रेघा मारल्या. फरक एवढाच की नदी वर चढली की धोका, वाफा खाली उतरला की धोका. पहिल्या पावसाळ्यात वाफा चांगला वीतभर उतरला. दर एक तारखेला ते मोजत, वहीत लिहीत आणि जेवताना जाहीर करीत. "आणखी पाऊण इंच गेला."

"अण्णा, हे खचणं म्हणजे तोटा नव्हे," मी समजावलं. "लाकूड कुजतंय. पावसाळ्याआधी वर खत-मातीचा भरणा केला की झालं."

"पण ते जातं कुठं?"

"बराचसा कार्बन वायू होऊन हवेत जातो. उरलेल्याची माती होते. ती माती वांग्यात जाते."

"आणि वांगी आपल्यात."

"हो."

अण्णांनी वांग्याच्या भाजीकडे पाहिलं. ती त्यांची नावडती. त्या दिवशी त्यांनी दोनदा वाढून घेतली. मुदत ठेव मोडणं वेगळं आणि तिचं दरमहा व्याज उचलणं वेगळं, हे मी आयुष्यभर लोकांना काउंटरवर सांगत आलो. पण व्याज घेताना माणूस इतक्या हळू, चावून चावून घेतो, हे मात्र घरी पाहिलं.

वर्षं गेली. वाफ्याला पाणी कमी लागू लागलं, गांडुळं वाढली. २०२४ साली आम्ही त्यात हळद लावली. २०२५ च्या फेब्रुवारीत ती काढताना अण्णा म्हणाले, "जरा खोल जा. तळ बघू." मी एका कोपऱ्यात कुदळ घातली. एक ते अकरापैकी एकही आकडा सापडला नाही. बुंध्याच्या जागी हाताला लागली ती भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी काळी माती. अण्णांनी मूठभर उचलली, नाकाशी नेली, मग हात झटकून नेहमीसारखे वहीकडे गेले. मला वाटलं, नोंद संपली.

जूनमध्ये ते मास्तरांकडे गेले आणि हातात फांदी घेऊन आले. शेवग्याची. मास्तरांचं घर भरावावर आहे, तिथं पाणी साचलं नव्हतं. ते झाड आईनंच दिलेल्या फांदीचं. फांदीपासून लावलेलं झाड म्हणजे तेच झाड असतं, दुसरं नव्हे. खातं बंद झालंच नव्हतं. नुसतं दुसऱ्या शाखेत वर्ग झालं होतं. उकरलेल्या कोपऱ्यात अण्णांनी ती फांदी स्वतः खोचली. उंचावर, पाणी थांबणार नाही अशा जागी.

आता वहीतले आकडे महिन्याला वाढत आहेत. पण अण्णा खूश आहेत असं मुळीच नाही. परवा पावसात ते तणतणत घरात आले. बनियन झटकत म्हणाले, "शेवगा कधी दारात लावतात काय? सुरवंट पडलाय बघ अंगावर!" सौ. स्वयंपाकघरातून काही बोलली नाही. तिनं नुसतं ऐकून घेतलं.